काचराज्यातील तपकिरी काडीची हकीकत

श्रीवरुण समर्थ. ज्याचे पोटी मोती, पोवळे आणि मीठ एके ठायी नांदते त्यास दंडवत करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीयेपासोन विजयादशमीपावेतो जे वर्तमान घडले ते लिहितो. सावध ऐकावे, आणि मधेच उठोन जाऊ नये.

एक राज्य होते. लांबी अडीच हात, उंची सवा हात, चहूंकडोन काच, आत खारे पाणी, वर दिवे, मागे पाण्यातील मळ फेसासकट उपसणारे यंत्र, आणि धनी राजश्री सटवोजीराव. प्रजा म्हणावी तर दोन नारंगी मासे, सात गोगलगायी आणि प्रवाळे. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, नुसता दगडही नव्हे. बारीक जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि अंगचा चुना काढोन दगडी घर बांधितात, आणि ते जीव खुशीत असले म्हणजे जांभळा, हिरवा, निळा ऐसा रंग चढतो की पाहणाराचे भान जावे! परंतु रावांचे नशीब खोटे. तीन वर्षांत काचेत वाढविलेली अकरा कलमे आणिली, आणि अकराही पांढरी हाडे होऊन पडली. मग राणीसाहेब दर्याबाई बोलिल्या, "आता पुरे. दसऱ्यापर्यंत या डबक्यात एक तरी प्रवाळ जिवंत आणि रंगीत दाखवावे. न दाखविल्यास राज्य खालसा, आणि जागेवर आमचे शिवणयंत्र." डबके म्हटले ते रावांस फार झोंबले, परंतु शर्त मान्य केली.

तेच दिवशी शेजारील राज्याचे धनी हैबतराव आले. त्यांची काचपेटी तिप्पट, आणि गर्व चौपट. त्यांनी वाटीतोन प्रवाळाची बोटभर काडी काढिली आणि बोलिले, "घ्या राव, आमचे खडकामागे अंधारात पडली होती. शेणासारखा रंग. मोंटीपोरा जातीचे प्रवाळ असेल. जगली तरी तपकिरीच राहणार." राव भिंग घेऊन बसले. आत पुऱ्या निवल्या, आमरसावर माशी बसली, राणीसाहेबांनी तीन हाका मारिल्या, राव हलेनात. आणि एकाएकी ओरडिले, "अहो, शेंड्यावर एकच तोंड मोठे, आणि खाली लहान तोंडे नळ्यांसारखी! मोंटीपोऱ्यास शेंड्यावर ऐसे मानाचे तोंड नसते. हे ॲक्रोपोरा, रंगाची जात! हे अंधारात काळवंडले आहे, उजेडात रंगेल!" हैबतराव हसोन बोलिले, "रंगेल, रंगेल. तुमचे अकरा रंगले तैसेच." आणि गेले.

मग रावांनी काडी गोंदाने उंच खडकावर बसविली आणि दिवा रोज थोडथोडा वाढविला. येथवर शहाणपण. परंतु दुधाने तोंड पोळले म्हणजे ताकही फुंकोन पितात. रावांचे मनी बसले की मागील अकरा घाणीने मेली. मग तीन दिवसांआड पाणी बदलणे, आणि यंत्र अष्टौप्रहर चालविणे, आणि माशांस एक दिवसाआड चिमूटभर दाणा. पाण्यातील मळ तपासण्याची कुपी पूर्वी गुलाबी होत असे, ती आषाढात बिनरंगाची जाहली. "शून्य!" ऐसी आरोळी ठोकिली, "नायट्रेट शून्य! मळाचे नाव नाही!" आणि श्रावणात काय नवल! काडीचा तपकिरी रंग फिका जाहला, मग पिवळट, मग सायीसारखा. संध्याकाळचे निळे दिवे लागले की काडी हिरवी चमके. रावांस हर्ष मावेना. विजय जाहला म्हणजे हत्तीवरून साखर वाटावी. हत्ती नव्हता, म्हणोन जिन्यात उभे राहोन वाटिली. राणीसाहेब साखर तोंडात टाकोन बोलिल्या, "रंग उघडतो आहे की उडतो आहे? निळ्या दिव्यात खडूदेखील चमकतो."

भाद्रपदात भिंग लाविले तो बुडख्याशी नखभर कातडे गेलेले, पांढरे हाड उघडे. राव काचेसमोर फरशीवर बसले ते उठेनात. मग राणीसाहेब जवळ येऊन पुसत्या जाहल्या, "हे मासे काच का चाटतात?"

"कमी खातात. पाणी निर्मळ राहावे म्हणोन."

"आणि ही काडी काय खाते?"

"उजेड खाते," राव बोलिले, "आणि माशांनी खाऊन टाकिलेली... घाण..." आणि नजर बिनरंगी कुपीकडे गेली.

"अगबाई! म्हणजे पाण्यास सोवळे नेसविले आणि घरच्यांस उपाशी मारिले! धन्य ते शून्य!"

रावांनी कपाळ बडविले. अकरांपैकी किती ऐसीच गेली असतील हे मनात येऊन डोळां पाणी आले, आणि ते त्यांनी लपविले नाही. मग हुकूम सुटला: यंत्र अर्धा दिवस बंद, पाणी आठवड्यास एकदा, आणि माशांस दोन वेळ जेवण. पितृपक्षात कावळ्यांआधी माशांस घास पडू लागला. कुपीस पुनः गुलाबी छटा आली, कातडे जाण्याचे थांबले, आणि काडी पुनः तपकिरी जाहली. हैबतराव बोलिले, "आले का शेण परत!" परंतु राव नाचत होते. तपकिरी म्हणजे काडीचे अंगी राहोन उजेडाचे अन्न करणारे बारीक शेवाळ परतले, बळ आले, हे त्यांस आता कळले होते. एकच काळजी, की दसऱ्यास दिवस बारा उरले, आणि रंग काही हुकमाने येत नाही.

दसरा उजाडला. हैबतराव आपट्याची पाने घेऊन आले. राणीसाहेबांनी निळे दिवे मालवोन पांढरे लावविले. सर्वांनी पाहिले, तो काडी तपकिरीच. मग रावच बोलिले, "शर्त हरलो. जागा तुमची. फक्त काडी कोणा जाणत्याकडे द्यावी, मारू नये." राणीसाहेबांनी भिंग उचलिले आणि काचेस नाक लाविले.

"शेंड्यास हे काय आहे?" त्या बोलिल्या. "हैबतराव, पाहा बरे."

हैबतरावांनी पाहिले, चष्मा पुसोन पुनः पाहिले, आणि पडले तोंडाने बोलिले, "निळे आहे. नवी वाढ आहे. आणि शेंड्याचे तोंडही एकच, मोठे. ॲक्रोपोरा. आम्ही चुकलो."

"परंतु ते तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे!" राव बोलिले.

"जिवंत म्हटले होते, रंगीत म्हटले होते," राणीसाहेब बोलिल्या. "किती, ते आम्ही म्हटले नव्हते. राज्य राहील. परंतु आजपासोन जेवणखाते आमचे हाती. स्वारीने काचा पुसाव्या." हे ऐकोन राव रडता रडता हसू लागले.

एवंच काचराज्य तगले. अकरा कलमे मोठ्या हौसेने आणिली ती गेली, आणि बारावे फुकट आले ते नांदले. सांप्रत राणीसाहेब रोज सकाळी स्वतःचे चहाआधी माशांस दाणा घालितात, आणि राज्यास डबके म्हणत नाहीत.