धुऱ्यावरची खुर्ची

आमच्या दशरथकाका गजभियांच्या घरी पाहुण्याला काडीचंही काम करू देत नाहीत. यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. पण काकांच्या लेखी पाहुणा कोण, ते आधी ऐका. पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमनही पाहुणाच. त्याला काकांनी खुर्चीवर बसवलं, पोहे दिले आणि स्वतः स्टुलावर चढून शॉक खाल्ला. जनगणनेच्या मास्तरांच्या हातातून फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच भरला. त्या भरात शेजारच्या आमच्या घराचाही भरून टाकला आणि माझं वय चार वर्षांनी वाढवलं.

"बसा ना बाप्पा! तुमाले काहून तरास?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते उच्चारताना समोरच्याच्या हातातली वस्तू त्यांच्या हातात केव्हा गेली, हे त्यालाही कळत नाही.

घरच्यांची गोष्ट निराळी. घरचं माणूस रिकामं बसलेलं काकांना दिसलं की त्यांच्या पोटात दुखतं. मी भिंतीला भिंत लागून राहणारी, म्हणजे घरचीच. "वंदना, रिकामीच हायेस ना वं?" अशी हाक आली की मी ओळखते, आज तांदूळ निवडणं नशिबी आहे. त्यांचा जावई मात्र गोंदियाचा. लग्न ठरलं तेव्हा तो आपल्याच जिल्ह्यातला होता. पुढे भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि तो परजिल्ह्यातला पाहुणा ठरला. तेव्हापासून त्याच्या खुर्चीवर उशी आली. बसून बसून बिचाऱ्याचं पोट सुटलंय आणि हल्ली तो सासुरवाडीला यायलाच घाबरतो.

हे सगळं मला माहीत असूनही मी जी चूक केली, तिला तोड नाही.

मी दिघोरीतल्या एका छोट्या संस्थेत काम करते. परदेशातली तरुण मुलंमुली तीन-तीन महिने आमच्याकडे येतात. मदत वाटायला नाही येत. गावातल्या घरात राहायचं, घरच्यांसारखं राबायचं, शिकायचं आणि दर पंधरा दिवसांनी काय केलं ते लिहून पाठवायचं, अशी अट असते. त्या वर्षी कॅनडाहून ज्युली आली. बावीस वर्षांची, शेतकऱ्याची मुलगी, दंड माझ्या मांडीएवढे. तिच्यासाठी घर शोधताना मी फक्त न्हाणीघराला आतून कडी आहे की नाही एवढंच पाहिलं. कडी काकांच्या न्हाणीघराला होती.

पहिल्याच सकाळी ज्युलीनं झाडू उचलला. काकांनी तो घेतला. दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली, तर काका चारला उठून अंगण झाडून बसलेले. तिनं कडी लावून गुपचूप कपडे धुतले, तर दारातच काका उभे. पिळे तिच्या हातातून काढून त्यांनीच वाळत घातले. "मैं करूँगी, काका," असं ती तिच्या शिकून आलेल्या हिंदीत म्हणायची. "हाओ, हाओ, बसा ना बाप्पा," असं काका म्हणायचे. तिला मराठीतला पहिला शब्द आला तो 'हाओ', म्हणजे आमच्याकडचं 'हो', आणि दुसरा 'बसा'.

मग रोवणी सुरू झाली. बायका गुडघाभर चिखलात वाकून धान लावत होत्या. ज्युलीनं पँट दुमडली आणि ती निघाली. मी दुपारी पोचले तर बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, लाल प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर ज्युली आणि मागे छत्री धरून काका. कालव्यावर चौकीदारी करून निवृत्त झालेला माणूस, पाण्याची राखण करायची सवयच. आता ते ज्युलीची राखण करत होते. चिखलातल्या बायका हसून हसून बेजार.

"कलेक्टरीण मॅडम, आमचं काम बराबर होऊन राहिलं ना?" एकीनं खुर्चीकडे पाहून विचारलं.

मीही हसले. हसायला नको होतं, हे पंधराव्या दिवशी कळलं. ज्युलीनं लिहून पाठवायच्या कागदावर एकच ओळ लिहिली होती: 'मी बसले.' तिला घरी परत जायचं होतं, सोमवारीच. मी समजूत घालायला गेले तर ती रडायलाच लागली. तिच्या घरी म्हणे आल्या आल्या पाहुण्याच्या हातात बटाटे सोलायला देतात, म्हणजे त्याला परकं वाटत नाही. इथे तिला कशालाच हात लावू देत नाहीत. तिच्या हातात असं काय वाईट आहे, असं तिनं मला विचारलं.

रविवारी संध्याकाळी मी तणतणत काकांकडे गेले. ज्युली आत बॅग भरत होती.

"काका, तुमच्या पायी पोरगी चालली! तुमी तिले कशालेच हात लावू देत नाही म्हनते. झाडूले नाही, चुलीले नाही, पान्याच्या गुंडाले नाही."

काका काथ्याची दोरी वळत होते. त्यांचे हात थांबले.

"हात लावू देत नाही म्हनते?"

"हाओ."

दोरी बाजूला ठेवून ते म्हणाले, "गावात कोनाकडं लगन राहे, त माह्या मायले बलावनं ये. बलावनं मंजे कामाचं. भांड्याचा डोंगर घासे ते. घासलेल्या गुंडात पानी भरलं, का मंग त्या गुंडाले हात नाही लावाचा. तहान लागली त कोनीतरी वरून ओते, ते ओंजळीनं पिये. मी आठ वर्साचा, तिच्या पदराले धरून राहो. आमी दीक्षा घेतली होती, पर गावच्या विहिरीले ते कुठं ठाऊक? तिले कोन्या घरी कोनी 'बस' म्हनलं नाही वं. मंग माहं सोताचं घर झालं, तवा म्या ठरवलं, इथं येईल त्याले उठूच देनार नाही."

मला रागावायला आता काही उरलं नव्हतं. मी खाली मान घालून बसले.

"आन् म्याबी तेच केलं," काका म्हणाले. "गुंडाले हात नाही लावू देल्ला."

सोमवारी सकाळी बसच्या वेळेला मी पोचले. ज्युली बॅग घेऊन ओसरीवर उभी. सुशीलाकाकू डोळे पुसत दारात. काका बाजेवर बसून होते, रात्रभर झोपले नसावेत. ज्युली वाकून पाया पडायला लागली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"ज्युली, मले पानी दे वं."

ज्युलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं. तिनं बॅग खाली ठेवली आणि ती आत गेली. गुंडावरची, पाण्याच्या हंड्यावरची, झाकणी वाजली. ती दोन्ही हातांत तांब्या धरून आली, अर्धं पाणी वाटेत सांडत. काकांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात संपवलं. आत्ताच दोन कप चहा झाला होता त्यांचा, पण ते म्हणाले, "आनखी आन."

ज्युली गेली ती अडीच महिन्यांनी, हाताला घट्टे घेऊन. त्या काळात काकांनी तिला भरल्या बांधीत, सगळ्या बायकांसमोर झापलं. धान किती वाकडं लावलं म्हणून. पण ते पुढचं. त्या सकाळी दुसरा तांब्या काकांनी सावकाश प्यायला. मिशा पुसल्या, डोळेही पुसले.

"माही माय राहिली असती, त तिलेबी असंच देल्लं असतं ना वं तू?"

मी ते ज्युलीला समजावून सांगितलं. काकांच्या हातातला रिकामा तांब्या तिनं घेतला, आत गेली आणि भरून आणला. पोटात जागा नसतानाही काका तो प्यायले.