दगडूचं योग्य वजन

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. तळ्याच्या काठावर एक वजनकाटा होता आणि काट्याशेजारी डॉक्टर बगळे बसायचे.

एका उन्हाळ्यात तळं आटायला लागलं. राजानं कारण विचारलं. बगळे म्हणाले, "जाड जनावरं पाण्यात बसतात, महाराज. त्यामुळे पाणी दबतं."

लगेच हुकूम निघाला. ज्याचा बीएमआय पंचवीसच्या वर, त्याला तळं बंद.

बीएमआय सोपा असतो, मुलांनो. वजनाला उंचीनं भागायचं. जे येईल त्याला पुन्हा उंचीनं भागायचं.

"दोनदा कशाला?" लहानू कासवानं विचारलं.

"एकदाच भागलं तर कुणालाही जमेल," बगळे म्हणाले.

दगडू हा लहानूचा मोठा भाऊ. लहानूला पोहायला त्यानंच शिकवलेलं. तो काट्यावर चढला. उंची वीतभर आणि वजन कवचासकट. आकडा दोनशेच्या वर गेला.

"पाठीवरचं ओझं उतरवून ये," बगळ्यांची मदतनीस टिटवी म्हणाली.

"बाई, ते ओझं नाही. ती पाठच आहे."

"सगळे असंच म्हणतात."

हत्ती मात्र पास झाला. तो राजाच्या मिरवणुकीतला. त्याची उंची अंबारीसकट मोजली. वजन काट्यावर मावेना, म्हणून धरलंच नाही.

दगडूनं खाणं सोडलं. लहानू तोंडात शेवाळ धरून त्याच्यापुढे बसायचा.

"दादा, एवढा एक घास."

"नको रे. पाण्यात जायचंय मला."

"मग चल की! मी बगळ्याला चावतो, तू उडी मार."

"येडा आहेस. चावून आकडा उतरतो का?"

एके सकाळी लहानूनं कवचावर टकटक केली. दादानं डोकं बाहेर काढलं नाही. लहानू दिवसभर टकटक करत राहिला. शेवटी मुंग्या वैतागून बाहेर आल्या. म्हणाल्या, "आत कुणी नाही."

फेरतपासणीला टिटवीनं कवच ओढत काट्यावर आणलं. रिकामं असल्यानं ते सारखं घसरत होतं, म्हणून तिनं ते उभं धरलं. उंची वाढली. वजन घटलेलंच होतं.

"बावीस!" बगळे ओरडले. "शाब्बास, दगडू!"

कवचाला हार घातला. भाषण झालं. मग त्याला वाजतगाजत तळ्यात सोडलं. ते बुडालं नाही, वरच तरंगत राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, किती हलकं वाटतंय त्याला!"

"साहेब, दादा मेलाय," लहानू म्हणाला.

बगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. "काटा तसं म्हणत नाही. चल, आता तू चढ. भावाकडून काहीतरी शिक."

लहानू चढला नाही. त्यानं साहेबांचा पाय तोंडात धरला. आणि कासवानं धरलेलं लवकर सुटत नाही, मुलांनो. तेव्हापासून बगळे एक पाय पोटाशी घेऊन उभे राहतात. लोकांना वाटतं, ध्यान चाललंय.

कवच अजून तळ्यात तरंगतं. लहानू खालून पोहत येतो आणि टकटक करतो.

तात्पर्य: वजन नेहमी योग्य असावं. आत कुणी आहे की नाही, हे काट्याला विचारू नये. त्याला तेवढंच काम नसतं.