बावीस फुटी बाक

सदर पैज गुजरात वेगळं झाल्याच्या सातव्या वर्षी, डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी, दांडिया बाजारामागच्या आमच्या गल्लीत, लक्ष्मीकांतरावांच्या ओट्यावर, साक्षीदारांसमक्ष आणि पोंक खाता खाता लागली. पोंक म्हणजे आपला हुरडा. बडोद्यात राहून हुरडा म्हटलं की लोक पाहुणे समजतात.

मी काही असलं 'सदर-समक्ष' बोलत नाही. पण पैजेचा कागद लक्ष्मीकांतरावांनी लिहिला, आणि ते शाळाखात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या घरात दुधालासुद्धा उतू जायच्या आधी अर्ज करावा लागतो, ही बातमी गल्लीत मीच पसरवली होती.

झालं असं की शेजारच्या वसुंधराबाई भिजलेलं हजेरीपुस्तक ओट्यावर वाळत घालत होत्या. बाई समाच्या पुढे सहा मैलांवर रायणपुरा नावाच्या खेड्यात शाळा चालवायच्या. समा तेव्हा स्वतःच खेडं होतं, तर रायणपुरा काय असेल ते तुम्हीच समजा. खोली एक, बाई एक, इयत्ता चार. शाळा आणि अर्धं गाव यांच्या मधून ओढा. पावसाळ्यात पलीकडची एकोणीस मुलं चार महिने घरी. त्या वर्षी जीवी नावाची एक पोरगी हट्टानं पाण्यात उतरली. पाटी गेली, दप्तर गेलं, जीवीला आजोबांनी वेणी धरून बाहेर ओढली. हिवाळा आला तरी ओढ्यात गुडघाभर पाणी होतंच, आणि त्यात आज हजेरीपुस्तकासकट बाई घसरल्या होत्या.

"उद्योगाच्या तासाला मुलांकडून साकवच बांधून घेते," बाई म्हणाल्या. "नाहीतरी वर्षभर झाडूच बांधतो आम्ही. मुलं चौपन्न आणि झाडू दोनशे."

लक्ष्मीकांतरावांनी पोंकातला एक दाणा बाजूला काढून ठेवला. "साकव यादीत नाही."

यादी म्हणजे हस्तोद्योगाच्या मंजूर वस्तूंची यादी. वस्तू अकरा, पहिली झाडू. ही यादी लक्ष्मीकांतरावांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. पुढे महाराजांचं राज्य गेलं, मुंबईचं आलं, मुंबईचं गेलं, गुजरातचं आलं. यादी होती तिथंच.

"यादीत नाही, पण ओढा तर आहे ना," मी म्हणालो.

"ओढा खात्याचा नाही, वसंता. यादी खात्याची आहे."

"वर्षात खात्याचा शिक्का आणतो की नाही बघा त्या साकवावर."

"तू?"

"मी."

झालं. कागद तयार. मुलांनी बांधलेला साकव खात्यानं मंजूर केल्याचा लेखी पुरावा मी एका वर्षात दाखवायचा. हरणाऱ्यानं चारचौघांत कान धरून एकवीस उठाबशा काढायच्या आणि प्रत्येक उठाबशीला 'मी ढ' असं स्पष्ट उच्चारायचं. पंच म्हणून इंदिराबाई. त्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवायच्या. गहू आणि भांडणं, दोन्ही बारीक दळून द्यायच्या. मी तोवर एकही पैज हरलो नव्हतो, हे इथं नम्रपणे नमूद करतो.

मी लाकडाच्या वखारीत कामाला. रेल्वेच्या लिलावातले जुने स्लीपर मागं पडून होते. मालकाला म्हटलं, शाळेला दिलेत तर दगडावर तुमचं नाव कोरू. मालकानं दगड केवढा असेल एवढंच विचारलं.

पुढचे तीन महिने रायणपुऱ्यात जे चाललं, त्याला खात्याच्या भाषेत शब्द नाही. पोरांनी ओढ्यातून दगड वेचले, खड्डा खणून चुना विझवला, गावच्या घेलाभाई सुताराच्या हाताखाली पाण्यात दोन खांब चढवले. साताचा पाढा येत नाही म्हणून जो पोरगा रोज कोपऱ्यात उभा असायचा, तो आता चुना किती आणि वाळू किती हे ओरडून सांगायचा. जीवीनं दोरीला गाठी मारून ओढा मोजला. बावीस फूट. कुणी तेवीस म्हटलं तर ती भांडायला उठायची, कारण तो आकडा तिनं स्वतः पाण्यात उभं राहून आणला होता.

चैत्रात साकव उभा राहिला. पहिली चाचणी म्हणून सरपंच रणछोडभाईंची म्हैस वरून नेली. म्हैस गेली, परत आली, आणि पुन्हा जायला निघाली.

आता मंजुरी. बाईंनी अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'साकव यादीत नसल्याने बांधता येत नाही. बांधला असल्यास तो बांधलेला नाही असे समजून ताबडतोब पाडावा व पाडल्याचा अहवाल पाठवावा.' पूल बांधणाऱ्या कचेरीलाही आम्ही लिहिलं होतं. तिनं कळवलं की रस्ता नसलेल्या ठिकाणी पूल असू शकत नाही, सबब नसलेल्या पुलाचा नकाशा तीन प्रतींत सादर करावा.

बाई ओट्यावर बसून राहिल्या. "पोरांना काय सांगू मी? तुम्हीच बांधलात, आता तुम्हीच पाडा?"

"सांगितलं होतं," आतून लक्ष्मीकांतरावांचा आवाज आला.

मी यादी मागून घेतली आणि रात्रभर नाही, फक्त एक विडी संपेपर्यंत वाचली. झाडूच्या दांड्याची लांबी दिली होती. टोपलीचा घेर दिला होता. सातवी वस्तू बाक. बाकाला लांबीची अट नव्हती.

जुलैत तपासणीला उदयसिंहराव आले. जुन्या सरदार घराण्यातला माणूस, बूट असे चकचकीत की त्यात ओढा दिसावा. पाऊस पडत होता. मी त्यांच्यावर छत्री धरून चाललो होतो, कारण छत्री धरणाऱ्याला 'तू कोण' असं कुणी विचारत नाही.

"हे काय आहे?"

"बाक," बाई म्हणाल्या.

"एवढा लांब?"

"लांबीची अट नाही, साहेब." मी यादी पुढं केली.

"खालून पाणी वाहतंय."

"पावसाळा आहे, साहेब."

"आणि माणसं वरून चालतायत."

"खेडेगाव. बाकाची सवय नाही. बसायचं माहीत नसतं, चालत सुटतात."

पलीकडून रणछोडभाई डोक्यावर पोतं घेऊन ओरडले, "बेसवानो बांकडो छे, साहेब. बेसो ने जरा."

उदयसिंहराव मधोमध बसले. पाय पाण्यावर लोंबकळले, बूट कोरडे राहिले. त्यांनी वहीत लिहिलं: 'बाक, एक. मजबूत. पाठ नाही.' खाली सही, सहीवर शिक्का. मी मनातल्या मनात लक्ष्मीकांतरावांच्या उठाबशा मोजायला लागलो.

पण खातं वही वाचतं. ऑगस्टात विचारणा आली: बाक वर्गात असायला हवा, तो बाहेर का? खोली चौदा फुटी. बाक आत न्यायचा तर भिंत फोडायची आणि आठ फूट शेजारच्या भुईमुगात काढायचा. बाईंनी कळवलं की बाक वर्गाबाहेर नाही, वर्गच बाकापर्यंत आहे. उत्तर आलं, मग फळा कुठे आहे? फळा काठावरच्या लिंबाच्या झाडाला टांगला. आता तो वर्ग झाला.

वर्ग झाल्यावर सप्टेंबरात दुसरी विचारणा: शाळेच्या वेळात वर्गातून बाहेरची माणसं जा-ये करतात असं समजतं. पटावर नाव नसलेल्या व्यक्तीस वर्गात प्रवेश नाही.

खातं चुकीचं नव्हतं. कुठल्याही चांगल्या शाळेत हाच नियम असतो. बाईंनी सगळं गाव पटावर घेतलं. रणछोडभाई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिलीत बसले आणि सुपारी खाल्ली म्हणून पहिल्याच दिवशी अंगठे धरून उभे राहिले. दूधवाल्या बायका दुसरीत. म्हशींना पटावर घेता येईना, तेव्हा त्यांची नोंद 'पशुपालन, प्रात्यक्षिक' या सदरात केली. कार्तिकात लग्नाची जान, म्हणजे आपलं वऱ्हाड, आली. एकशे बत्तीस वऱ्हाडी सकाळी अकराला शाळेत दाखल झाले आणि अकरा दहाला शाळा सोडल्याचे दाखले घेऊन पलीकडच्या काठावर उतरले. नवरदेवाच्या दाखल्यावर लिहिलं होतं, वर्तणूक चांगली. सासऱ्यानं तो दाखला काचेत लावून घेतला.

नोव्हेंबरअखेर तालुक्यात पटसंख्येत रायणपुरा पहिलं. खात्यानं अभिनंदनाचं पत्र पाठवलं, 'आदर्श शाळा' ठरवलं, प्रमाणपत्र द्यायला उदयसिंहराव डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी येणार असं कळवलं, आणि तळटीप जोडली की इतक्या विद्यार्थ्यांना एक बाक अपुरा असल्यानं शेजारच्या गावांच्या शाळांनीही असेच बाक करावेत. खालच्या अंगाला दोन गावांत त्याच ओढ्यावर बाकांचं काम सुरूही झालं.

आणि तोच शनिवार आमच्या पैजेचा शेवटचा दिवस.

इंदिराबाईंनी हुकूम काढला की निकाल जागेवर. गिरणी बंद करून त्या स्वतः निघाल्या. अख्खी गल्ली सकाळच्या बसनं समापर्यंत आणि पुढं दोन बैलगाड्यांतून रायणपुऱ्याला पोचली. साकवावरून सगळे पलीकडं गेले, पलीकडून अलीकडं आले. लक्ष्मीकांतराव दोनदा गेले. मधोमध थांबून त्यांनी पायानं स्लीपर दाबून पाहिला. मग चष्मा काढून पुसला.

मी शिक्क्याची नक्कल काढली. "घ्या. खात्याची मंजुरी."

लक्ष्मीकांतरावांनी वाचली. "बाक."

"तेच हो."

"पैज साकवाची. यात साकव कुठं लिहिलाय?"

"तुम्ही उभे कशावर आहात?"

"मी कशावर उभा आहे हा पुरावा नाही, वसंता. कागदात काय आहे ते बोल."

मी इंदिराबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "कागद तसंच म्हणतो रे. दुसरा काही आहे का तुझ्याकडं?"

नव्हता. पण उदयसिंहराव तिथंच होते, हातात प्रमाणपत्र आणि खिशात शिक्का. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, साहेब, एक ओळ. 'हा साकव आहे.' एवढंच.

त्यांनी प्रमाणपत्र बगलेत मारलं. "आदर्श शाळा माझ्याच सहीनं झालीय," हळू आवाजात म्हणाले. "तरी तुम्ही सांगितलंत की हा साकव आहे, तर मला तसं लिहावं लागेल. लिहिलं की यादीत नाही म्हणून सोमवारी पाडावा लागेल. खालच्या गावांतले दोन्हीसुद्धा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोला. काय आहे हे?"

वसुंधराबाई फळ्याजवळ उभ्या होत्या, खडू हातात तसाच. जीवी साकवाच्या कठड्याला बांधलेली आपली मोजणीची दोरी धरून होती आणि गाठी मोजत होती, जशी काही एखादी कमी झाली असेल. माझ्या मागं गल्लीतली सतरा माणसं, सगळी शिकलेली, सगळी नुकतीच कोरड्या पायांनी ओढा ओलांडून आलेली.

"बाक आहे," मी म्हणालो.

"खात्री?"

"पाठ नसलेला."

लक्ष्मीकांतरावांनी हळूच पैजेचा कागद घडी करून खिशात ठेवला. "लांबीची अट राहिली ती माझीच चूक," एवढं पुटपुटले. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "एकवीस. आणि स्पष्ट उच्चार."

मी मधोमध जाऊन उभा राहिलो, तर उदयसिंहरावांनी हात वर केला. शाळेची वेळ होती, हा वर्ग होता, आणि माझं नाव पटावर नव्हतं. बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. इयत्ता पहिली, अनुक्रमांक चारशे सोळा.

"जन्मतारीख?"

"श्रावणातला सोमवार होता म्हणे. आई सांगायची."

"तारीख सांगा."

"ती कुठं माहीत आहे?"

"मग एक जून," बाई म्हणाल्या आणि लिहिलं. गल्लीतलं कुणी हसलं नाही. उलट सतरापैकी अकरा माणसं एकदम स्लीपरांकडं बघायला लागली. साक्षीदार काय, लक्ष्मीकांतराव काय, त्या अकराही जणांच्या पेन्शनी आणि नोकऱ्या एक जूनवर चालू होत्या. त्यांच्या आयांना विचारलं तर एकही जूनमध्ये जन्मलेला नव्हता.

मी कान धरले. चौपन्न खरी पोरं मोजायला लागली, एकसुरात, पाढ्याच्या चालीवर. मी ढ. मी ढ. सातव्याला गुडघा वाजला. बाराव्याला रणछोडभाई पाणी घेऊन आले, पण वर्गात पाणी प्यायची परवानगी मागायचं विसरले म्हणून परत गेले. साकव तसूभर हलला नाही. एकविसाव्याला मी 'मी ढ' इतकं मोठ्यानं म्हटलं की काठावरची म्हैस वळून बघायला लागली. लक्ष्मीकांतरावांनी पावती लिहून दिली, इंदिराबाईंनी त्यावर सही केली, आणि सतरा सुशिक्षित माणसांनी खाली लिहून दिलं की आम्ही समक्ष पाहिलं, इथं साकव नाही.

दम लागला म्हणून मी तिथंच पाय सोडून बसलो.

आता तुम्ही हसताय ते ठीक आहे. आधी तुमचा शाळेचा दाखला काढा, त्यावरची जन्मतारीख बघा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा. जुळली, तर खुशाल या आणि साकव पाडा. नाही जुळली, तर या, माझ्या शेजारी बसा. बाक बावीस फुटी आहे, जागा पुष्कळ आहे.