चोवीस तारांची राखण

"साहेब, तारेवर मुंगी जरी चालली, तरी तुमच्या मोबाइलवर निरोप येईन!" रोशननं छाती फुगवून सांगितलं.

आलापल्लीच्या अलीकडच्या लाकूड डेपोच्या ऑफिसात रोशन कंत्राटावर होता, आणि कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ज्या रंजीताशी त्याला लग्न करायचं होतं, तिच्या गोंडपिपरीच्या वडिलांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "वर्षभराचा ऑर्डर दाखवा, मंग सुपारी फोडू." म्हणून हा सगळा खटाटोप! ऑफिसातल्या कॉम्प्युटरांच्या नेटवर्कच्या तारा ज्या एका डब्यात, म्हणजे स्विचमध्ये, खोचलेल्या होत्या, त्या स्विचवर रोशननं देखरेख बसवली. एक जरी तार निसटली, तरी साहेबांना लाल अक्षरांत निरोप! पण भाव खायची संधी कशाला सोडा? गडचिरोलीच्या मोठ्या साहेबांचाही नंबर त्यानं घालून टाकला.

दोन दिवस मुंगीसुद्धा फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी साहेब मोठ्या साहेबांच्या मीटिंगला गडचिरोलीला गेले, आणि भरदुपारी इकडे आभाळ गडगडलं. त्याबरोबर शिपाई नीलाबाई झाडू टाकून स्विचकडे धावल्या आणि भेंडी तोडावी तशा पटापटा तारा उपसू लागल्या! चोविसावी तेवढी रोशनच्या देखरेखीच्या कॉम्प्युटरची, तिला हात लावू नका असं त्यानं बजावलेलं, म्हणून ती सोडली. रोशन पोचेस्तोवर तेवीस काढून झाल्या होत्या.

"बाई! काऊन काढल्या?"

"कडकडून राह्यलं, आयकू नाई येत काय? पंधरा वर्सांपासून काढून राह्यली मी. म्हणून त एकबी मशीन जळली नाई!"

तेवढ्यात साहेबांचा फोन. "अरे, तेवीस निरोप! मोठ्या साहेबांचा मोबाइलही ठणाणा करतोय, भर मीटिंगमध्ये!"

रोशननं घामाघूम होत तारा परत खोचल्या. तर त्या शहाण्या देखरेखीनं 'तार जोडली' असे आणखी तेवीस निरोप धाडले! पुन्हा गडगडलं. नीलाबाईंनी पुन्हा उपसल्या.

"बाई, माही नोकरी जाईन!"

"अन् मशीन जळली त माही जाईन!"

पाऊण तास हेच. त्या उपसत होत्या, हा खोचत होता. शेवटी पुन्हा फोन वाजला. मोठे साहेब स्वतः! रोशनच्या डोळ्यांपुढून रंजीता दुसऱ्याच कुणाच्या मोटारसायकलवर बसून निघून गेली.

"तुम्हीच का ते रोशन? पाऊण तासात दोनशे सात निरोप! अहो, बाकीचे डेपो फोनसुद्धा उचलत नाहीत. इतकं जागं ऑफिस मी पाहिलं नाही! तुमचं कंत्राट वर्षभर वाढवतो. आपल्या बाराही डेपोंत हे बसवा."

रोशनला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. "साहेब, निरोप तुमच्याच नंबरवर ठेवू ना?"

"छे छे! माझा नंबर आधी काढा. सगळे तुमच्या मोबाइलवर घ्या, आणि प्रत्येक निरोपावर काय केलं, ते मला लेखी कळवा."

तरीही वर्षभराची नोकरी ती नोकरीच! रोशननं आनंदानं नीलाबाईंना बातमी सांगितली. त्याही मनापासून खूश झाल्या.

"बाराही डेपोत? मंग तुम्ही बिनघोर राहा भाऊ! तिथल्या साऱ्या बायांले तारा काढाले मीच त शिकवलं!"