घोरपडीचा चार्ज

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, उस्मानपुऱ्यातल्या व्यंकटरावांच्या दिवाणखान्यात तीन तोंडांची घोरपड भुयाराचे दार अडवून बसलेली असताना नळाला पाणी आले.

घोरपड अर्थात कागदावरची होती. व्यंकटरावांचा मुलगा चिन्मय दर रविवारी मित्रांना जमवून एक खेळ चालवायचा. प्रत्येकाने एक शूर पात्र घ्यायचे, चिन्मयने संकटे आणायची आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. पात्राचे प्राण संपले की ते कायमचे मेले. सगळी पात्रे मेली तर खेळच बंद. "माझ्या खेळात दयामाया नाही," असे चिन्मय पुठ्ठ्याच्या आडोशामागून मोठ्या ऐटीत सांगायचा. त्या आडोशामागे काय लिहिले आहे ते बघायची कोणाला मुभा नव्हती.

पाणी खरे म्हणजे उद्या यायचे होते. त्यामुळे सगळे निवांत होते. पण खालून "पाणी आलं!" अशी आरोळी आली आणि शेजारच्या इमारतीतला हिमांशू ताडकन उठला. त्याचे आईवडील लग्नाला गेले होते आणि टाकी कोरडी ठणठणीत होती.

"चिन्या, घोरपडीला थांबव जरा."

"लढाई सुरू झाली की थांबत नाही. जायचं तर पात्र कोणाच्या तरी हाती देऊन जा."

हिमांशूने इकडेतिकडे पाहिले. कोपऱ्यात व्यंकटराव पेपर वाचत होते.

"काका, पाच मिनिटं सांभाळा. टेन्शन नका घेऊ, फक्त फासा टाकायचा."

व्यंकटराव चौतीस वर्षे सरकारी कचेरीत होते. त्यांनी चष्मा पुसला, पेपरची घडी घातली आणि फुलस्केप कागद मागवला.

"तोंडी चार्ज मी घेत नाही. पात्राच्या पिशवीत काय काय आहे ते सांग. यादी करू, मग सही कर."

"काका, पाणी जाईल!"

"मग पटपट बोल. दोर आहे? किती हात?"

हिमांशूने जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून सत्तावीस वस्तू सांगितल्या आणि पळत सुटला. दोन मिनिटांत तो खिडकीखाली येऊन ओरडायला लागला, की मोटर चालू होत नाही. ती मोटर फक्त फुलंब्रीच्या अजिनाथचे ऐकते, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. अजिनाथ चिन्मयबरोबर कंपनीत होता आणि खेळात त्याचे पात्र धनगराचे होते. त्यानेही यादी दिली.

"काका, माझा गडी लई जपून वापरा बरं. दीड वर्ष पोसलाय त्याला."

"आहे तसा परत मिळेल. सही कर."

मग पाणी भरायला ये म्हणून स्वरालीच्या आईचा फोन आला. स्वराली मागच्याच गल्लीत राहायची. तिने आपली चेटकीण, पिशवी आणि यादी व्यंकटरावांच्या पुढ्यात ठेवली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.

आता एका बाजूला घोरपड आणि दुसऱ्या बाजूला तिन्ही पात्रांचा चार्ज घेतलेले व्यंकटराव.

"बाबा, राहू द्या," चिन्मय म्हणाला. "हे तुमचं काम नाही. तिघंही मरतील."

"माझ्या ताब्यातलं काही आजवर गहाळ झालेलं नाही."

हे नुसते बोलणे नव्हते. दोन वर्षांपूर्वी चिन्मयची पुण्यातली नोकरी गेली तेव्हा तो घरी येऊन तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. नवी नोकरी पुढे लागली, पण त्याआधी घरात हा खेळ आला. एका रविवारी स्वयंपाकघरात त्याच्या आईला, कालिंदीबाईंना, त्याचे हसणे ऐकू आले तेव्हा नीट ऐकता यावे म्हणून त्यांनी कुकरखालचा गॅस बंद केला होता. व्यंकटरावांना फासे कळत नव्हते, पण हा खेळ बंद पडता कामा नये, एवढे त्यांना पक्के कळत होते.

त्यांनी बाह्या सारल्या आणि याद्या ओळीने मांडल्या.

"क्रमांक चौदा. चेटकिणीकडे झोपेची भुकटी, एक पुडी. टाकली डाव्या तोंडावर."

"ही पुडी तर पहिल्या रविवारची आहे! तिची ती विसरून गेली होती."

"आजवर यादी केली नव्हती म्हणून विसरली." फासा सतरा आला. चिन्मयने आडोशामागे बघून डावे तोंड झोपल्याचे जाहीर केले.

"आता धनगराचं घोंगडं. मधल्या तोंडावर टाकायचं."

"बाबा, घोंगडं हे काय शस्त्र आहे का?"

"नसेल. पण डोळे झाकल्यावर तिला दिसणार कसं?"

चिन्मय आडोशामागे वाकला. त्याने पेन्सिलने काहीतरी खरडले आणि मधले तोंड आंधळे झाले म्हणून सांगितले. व्यंकटरावांना कचेरीतली जुनी तडफ अंगात शिरल्यासारखी वाटली. पण तिसरे तोंड जागे होते आणि भलतेच रागीट होते. त्याने धनगराला उडवले, चेटकिणीला भिंतीवर आपटले आणि हिमांशूच्या योद्ध्याला असा तडाखा दिला की त्याचे चारच प्राण उरले. व्यंकटरावांच्या कपाळावर घाम आला. हिमांशूला काय तोंड दाखवायचे?

"अहो! चिन्मय!" खालून कालिंदीबाईंचा आवाज आला. "पाइप निसटला! जिन्यात तळं झालंय!"

चिन्मय उठला. "बाबा, आलोच. कशाला हात लावू नका."

"असं जागा सोडून जाता येत नाही. चार्ज देऊन जा."

"घोरपडीचा?"

"घोरपडीचाच."

"घ्या!" म्हणत चिन्मय पळाला.

व्यंकटराव नवा फुलस्केप घेऊन आडोशामागे गेले. घोरपड ताब्यात घ्यायची तर तिची नोंद बघणे भाग होते. कागदावर वरती शाईने लिहिले होते : प्राण तीनशे. त्यावर पेन्सिलची काट होती आणि खाली दोनशेवीस. तेही खोडलेले. दीडशे. खोडलेले. आजूबाजूला बारीक अक्षरात टिपणे होती. 'हिमांशूचा वार नियमाने अर्धाच. पूर्ण धरला.' 'स्वराली आज नाराज आहे, डावं तोंड तिला टाळेल.' 'अजिनाथ मेला असता. एक प्राण ठेवला.' आणि सगळ्यात शेवटी, पेन्सिल अजून ताजी होती : 'घोंगडं नियमात नाही. पण बाबा रंगात आलेत. पन्नास कमी.'

व्यंकटराव कागद हातात धरून खाली बसले. आधी त्यांना वाईट वाटले. आपण झुंजून मिळवलेले यश पोराने पेन्सिलने दिलेले होते. मग त्यांनी पहिल्या टिपणापासून पुन्हा वाचले. दयामाया नाही म्हणणाऱ्याने सगळ्यांना असे कडेवर घेऊन भुयार पार करायला काढले होते, दर रविवारी, कोणाला पत्ता लागू न देता.

पण खाडाखोड ती खाडाखोड. चौतीस वर्षांत त्यांनी अशा कागदांवर भल्याभल्यांना परत पाठवले होते. नियमाने हे सगळे आकडे रद्द होते आणि मूळ तीनशे कायम. म्हणजे तिन्ही पात्रे मेली आणि खेळ खलास.

व्यंकटरावांनी खिशातले पेन काढले.

वीस मिनिटांनी चौघेही परत आले तेव्हा चिन्मयचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. व्यंकटराव आपल्या जागेवर ताठ बसले होते.

"आमचे मेले का?" हिमांशूने धापा टाकत विचारले.

"मोजून घे. शेवटचा वार बाकी आहे."

चिन्मय आडोशामागे बसला आणि त्याची नजर कागदावर गेली. प्रत्येक खोडलेल्या आकड्याशेजारी निळ्या शाईत 'व्यं.' अशी छोटी सही होती आणि तारीख. तळाशी ठसठशीत अक्षरात लिहिले होते : 'सर्व दुरुस्त्या मान्य.' त्याने वर पाहिले. वडील खिडकीबाहेर बघत होते.

"टाका, बाबा," तो खाकरून म्हणाला.

व्यंकटरावांनी फासा टाकला. तो टेबलभर गडगडला आणि थांबला. दोन. यापेक्षा भिकार आकडा म्हणजे फक्त एक. स्वरालीने डोळे मिटून घेतले.

"लागला," चिन्मय म्हणाला. "घोरपड मेली."

अजिनाथने असा आरडाओरडा केला की कालिंदीबाई खालून धावत आल्या. हिमांशू मात्र फाशाकडे बघत राहिला. तो पहिल्यापासूनच संशयी.

"काका, दोनवर वार लागतो? हे नियमात बसतं?"

व्यंकटरावांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, डोळ्याला डोळा भिडवून, धडधडीत खोटे बोलले.

"बसतं."