घाटातून निघालेला पाळणा

माझ्या लेकाची, सिरगाकची, एक खोड काही जात नाही. बापाच्या ट्रकवर शिकला तेवढं खरं, बाकी सगळं जग खोटं.

लेकीला पहिला मुलगा झाला. आमच्यात पाळणा आजोळचा असतो. तो दुपारच्या जेवणाआधी पोचायला हवा आणि त्याचा टवका उडालेला चालत नाही. म्हणून टपावर पाळणा बांधून आम्ही दोलोनचा घाट चढलो. गाडी सिरगाककडे, शेजारी मी, मागे त्याची बायको, माझी सून नाझीक. ती कोचकोरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवते.

उतारावर बर्फ लागला. सिरगाकनं ब्रेक दाबला, तर पायाखाली घरघर. त्यानं घाबरून पाय उचलला आणि गाडी बर्फाच्या ढिगात.

"अपा, ब्रेक गेला!" आईला, म्हणजे मला, तो ओरडला.

"गेला नाही हो," नाझीक म्हणाली. "प्रत्येक चाकाला दातेरी कडं असतं, त्याशेजारी सेन्सर. चाक जाम व्हायला लागलं की तो ब्रेक सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला कळवतो. डबी झडप उघडून तेवढ्याच चाकाचा ब्रेक ढिला करते, मग पंप पुन्हा दाब भरतो. सेकंदात कितीतरी वेळा. त्याचीच ही घरघर. पाय दाबून ठेवायचा नि स्टिअरिंग वळवायचं."

"मला शिकवू नकोस. बाबा बर्फावर स्वतःच्या पायानं ब्रेक सोडायचे, दाबायचे." असं म्हणून त्यानं त्या डबीचा फ्यूजच उपटला. समोर पिवळा दिवा लागला. गाडी ढिगातून मागे काढून त्यानं ब्रेक दाबून दाखवला. "बघ, आता आहे का घरघर?"

नव्हती. पुढच्या वळणावर मात्र हा घाबरला आणि बाबांचं सोडणं विसरून नुसता दाबत राहिला. चाकं जाम. स्टिअरिंग वळतंय, गाडी सरळच. कडेच्या दगडाला चाटून तिनं गिरकी घेतली नि थांबली ती घराकडे तोंड करून. पाळणा घसरून पुढच्या काचेवर, एका दोराला लोंबत.

"अपा, पाळणा शाबूत आहे," सिरगाक हळूच म्हणाला.

"उतर खाली."

पाळणा पुन्हा बांधला. नाझीकनं फ्यूज बसवला आणि स्वतः चालवायला बसली. खालच्या वळणावर एक घोडी शिंगरासकट रस्त्यात उभी. नाझीकनं ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला. घरघर, घरघर... गाडी त्या काचेसारख्या बर्फावर शहाण्या जनावरासारखी वळली आणि घोडीच्या शेपटीपासून हातभर बाजूला थांबली. पाळणा जागचा हलला नाही. ती डबी मी अजून पाहिलेली नाही, पण तिला तिथल्या तिथे दुवा दिला.

व्याह्यांच्या अंगणात पाळणा उतरला, तसा सिरगाकला कंठ फुटला. "त्या डबीत काय विशेष? आमच्या बाबांच्या पायाचीच नक्कल!"

"असेल," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "पण तुझा बाप सोडायचा तेव्हा चारी चाकं एकदम सुटायची. ही डबी घसरेल तेवढंच चाक सोडते. तुला ना बापासारखं जमलं, ना डबीला जमू दिलंस. परतताना नाझीक चालवेल. तू मागे बस, पाय आवरून, मांडी घालून!"