बेवारस फोटो

जगदाळे काकांना फोटो दाखवला की ते आधी तो उलटा करतात. कागदी फोटो असेल तर ठीक. पण लोक आता फोनमध्ये फोटो दाखवतात. काका फोन उलटा करतात, मागचं कव्हर बघतात आणि फोन परत देतात.

"मागे काही लिहिलेलं नाही. बेवारस आहे."

नातवाचं बारसं, पुतण्याचं लग्न, टेकडीवर देवीसमोर काढलेला सहकुटुंब फोटो, सगळे बेवारस. फोटोमागे पाच गोष्टी हव्यात: तारीख, वेळ, उंची, लेन्स आणि काढणाऱ्याचं नाव. निवृत्त होऊन देवासला परत आल्यापासून असा एकही फोटो कोणी दाखवलेला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. तो तसा सदैव चढलेलाच असतो. पुतण्याच्या लग्नाचा अल्बम त्यांनी आठ दिवस ठेवून घेतला आणि प्रत्येक फोटोवर लाल पेन्सिलीने उत्तर दिशेचा बाण काढून परत केला. सप्तपदीच्या फोटोपुढे शेरा होता: "सूर्य कुठे?" लग्न संध्याकाळचं होतं.

काका हवाई दलात होते. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आले आणि पागेत घोड्यांना नाल ठोकत. घराण्यात घोड्यांनंतर थेट विमान आलं. काकांचं स्क्वाड्रन टेहळणीचं, म्हणजे बॉम्ब टाकायचे नाहीत, फोटो काढून परत यायचं. ते कॅमेरा फिटर होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोह्यांचं दुकान आहे. तिथे कोणी "काका, आपने प्लेन उडाया?" असं विचारलं की त्या दिवशी पोहे थंड होतात.

"विमान म्हणजे हमाल!" काका गरजतात. "कॅनबेरा विमानाच्या पोटात कॅमेरे असायचे. एक सरळ खाली बघणारा, बाकीचे तिरके. फिल्म वीतभर रुंद, शेकडो फूट लांब. वर थंडी इतकी की काच धुकटायची, म्हणून कॅमेऱ्याला गरम हवा. पायलटला नसली तरी चालेल! विमान उतरलं, थांबलं, की मी पोटाखाली. फिल्मची पेटी काढायची आणि डार्करूमकडे पळायचं. तिथे धुणारे वेगळे, छापणारे वेगळे आणि शेवटी वाचणारे. फोटो वाचणारे! ते सही करायचे. चूक झाली तर कोणाची, हे पाच मिनिटांत कळायचं. आणि तुम्ही विचारता, प्लेन उडाया?"

दुकानदार म्हणतो, "भिया, आप तो नाराज हो गए."

"मी नाराज नाही. मी संतापलोय. दोन्ही वेगळं आहे."

काकांचं दुसरं ठरलेलं वाक्य माझ्यासाठी राखीव आहे, कारण मी इंदूरच्या वर्तमानपत्रांत तीस वर्षं बातमीदारी केली. "एक फोटो म्हणजे अफवा. दोन फोटो म्हणजे साक्ष." आमच्या धंद्यातही एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी लावत नसत, निदान लावू नये असं म्हणत. त्यामुळे मी मान हलवतो. काका मात्र ते शब्दशः म्हणतात. टेहळणीच्या विमानातून काढलेला प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढलेला असतो. तीच जागा दोनदा येते, थोड्या वेगळ्या जागेवरून. ते दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे चार लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या दोन काचांच्या चष्म्यातून पाहिले, की सपाट कागदातून घरं, झाडं, टाक्या वर उठतात. काकांकडे असा चष्मा आहे. तो इंदूरच्या जुन्या बाजारातून घेतला आहे. सरकारी माल उचलला असं कोणी म्हणू नये म्हणून पावती त्याच्या पेटीतच आहे.

"आणि एक," काका सांगतात. "दोन फोटोंच्या मधल्या वेळात जे हललं, ते काचेत थरथरतं. ट्रक असो, बैल असो, माणूस असो. जे हललं नाही, ते ठाम दिसतं. आमचे वाचणारे त्यावरून गाड्या पकडायचे."

मागच्या पावसाळ्यानंतर काकांच्या घरी नगर निगमची नोटीस आली. घर नाल्याच्या काठाला आहे. मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर एक खोली आहे. ड्रोन सर्वेक्षणानुसार ही खोली नाल्याच्या हद्दीत येते, पंधरा दिवसांत स्वतः काढून टाकावी, अन्यथा पाडली जाईल, असा मजकूर होता. सोबत एक रंगीत फोटो होता. त्यात खोलीचं छत खरोखर नाल्यावर झुकलेलं दिसत होतं आणि छताभोवती लाल रेघ होती. सहीच्या जागी एक वळण होतं. ते कोणत्याही लिपीत वाचता येत नव्हतं.

काकांनी फोटो उलटा केला. मागे कोरं होतं.

त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. मला आत बोलावलं, स्टीलचा पेला टेबलावर ठेवला. "बरोबर डोक्यावरून बघा. काठ आणि बूड एकावर एक आहेत? आता डोकं बाजूला न्या. काठ कुठे गेला?"

"बाहेर झुकला."

"पेला सरकला?"

"नाही."

"मग यांना हे कोण सांगणार? ड्रोन भलतीकडे होता, नाल्यावर नव्हता. उंच वस्तू फोटोत बाहेर झुकते. यांनी छताभोवती रेघ मारली, पायाभोवती नाही. घर पाडा. पण फोटो वाचून पाडा!"

मला वाटलं, भांडण तत्त्वाचं आहे. गल्लीलाही तसंच वाटलं. एकट्या माणसाला वरची खोली लागतेच कशाला, असंही लोक बोलले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नागपूरला असते. वर कोणी जात नाही. कोणी विचारलं तर काका म्हणतात, "वर धूळ आहे."

कार्यालयात मी बरोबर गेलो. साहेब चाळिशीचे, सभ्य, घाईत असलेले.

"काका, ये कम्प्यूटर से निकला है."

"कम्प्यूटरचं नाव काय? हुद्दा काय?"

"मतलब सिस्टम से..."

"सिस्टमला समोर बोलवा."

काकांनी साहेबांचा चहाचा पेला पुढे ओढला आणि साहेबांनी डोकं बाजूला न्यावं असा आग्रह धरला. साहेबांनी ते नेलं नाही. चहा फायलीवर सांडला. आम्हांला बाहेर बसायला सांगण्यात आलं. दीड तासाने शिपाई म्हणाला की साहेब मागच्या दाराने गेले.

काकांची मागणी एका ओळीची होती: शेजारची फ्रेम द्या. ड्रोनसुद्धा चढते फोटोच काढतो. तेव्हा याच्या शेजारचा फोटो कुठेतरी असणारच. तो मिळाला की काचेखाली खोली उभी राहील आणि पाया दिसेल. अर्ज तीन वेळा दिला. पहिला हरवला. दुसऱ्यावर "संबंधित शाखेकडे" असा शेरा पडला. संबंधित शाखा कोणती, हे विचारायला दिलेला तिसरा अर्जही संबंधित शाखेकडे गेला. अकरा दिवस संपले होते.

सर्वेक्षणाचं काम ज्या कंपनीने केलं, तिचं ऑफिस धारला आहे, एवढं मी जुन्या ओळखींतून शोधून काढलं. बाराव्या दिवशी आम्ही बसने इंदूरला आणि तिथून धारला गेलो. काकांनी मांडीवर स्टिरिओस्कोपची पेटी धरली होती. वाटेत त्यांनी कंडक्टरला तिकिटावर वेळ छापलेली नाही म्हणून झापलं. वेळ छापलेली होती. त्याबद्दल त्याला पुन्हा झापलं: "मग बोलत का नाहीस?"

ऑफिस एका सिमेंटच्या दुकानावर होतं. खुर्चीवर पस्तिशीची बाई होती. नाव स्नेहल. वडील पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला म्हणून सांगलीकडून आलेले.

काकांनी दारातूनच सुरुवात केली. "साठ टक्के ओव्हरलॅप घेता की नाही?"

"पंच्याहत्तर घेतो, काका," ती म्हणाली. "साठमध्ये गॅप पडतात. बसा ना."

काका बसले. या बारा दिवसांत त्यांना भांडण अर्धं सोडून बसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिने नोटिशीसोबतचा फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये तो सिंगल फ्रेम है. आम्ही जोडून, दुरुस्त करून पूर्ण नकाशा दिला होता. त्यांना तो उघडता आला नसेल, म्हणून यावरच रेघ मारली. इतका लीन... माझी मराठी जरा कच्ची आहे, काका. झुकाव. कोणालाही दिसायला पाहिजे."

"कोणालाही नाही. वाचणाऱ्याला."

तिने कंपनीच्या पत्रासह शेजारची फ्रेम छापून दिली. काकांनी फोटो उलटा केला आणि पेन पुढे केलं. तारीख, वेळ, उंची, लेन्स, नाव. ती हसली नाही. सगळं लिहिलं, खाली सही केली. जिन्यात काका मला म्हणाले, "हिला आमच्या स्क्वाड्रनमध्ये घेतली असती." यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

चौदाव्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. काकांनी साहेबांच्या टेबलावर दोन फोटो ठेवले, वर काच उभी केली. "बघा." साहेबांनी नाइलाजाने डोळे लावले आणि डोकं झटकन मागे घेतलं, कोणी नाकावर फटका मारावा तसं.

"अरे! ये तो खड़ा हो गया!"

भिंतीचा पाया नाल्यापासून चांगला दोन हात अलीकडे होता. शिपायाने पाहिलं, लेखा शाखेने पाहिलं, झेरॉक्सवाल्याने दोनदा पाहिलं. अर्धा तास कामकाज बंद होतं. त्या कार्यालयात इतक्या लोकांनी एखादा कागद इतक्या लक्षपूर्वक वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. दुपारी नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. कारण: "तांत्रिक त्रुटी."

काकांनी पत्र उलटं केलं, मग सुलटं केलं.

"त्रुटी कोणाची?"

"काका, अब हो गया ना आपका काम."

"नाव लिहा. मशीनने लाल रेघ मारली नाही. उद्या दुसऱ्याच्या घरी हाच फोटो जाईल. त्याच्याकडे काच नसेल. नाव लिहा!"

काका खुर्चीवरून उठले नाहीत. मीही उठलो नाही, कारण तोवर मलाही राग आला होता आणि तो नोटिशीपेक्षा जुना होता. कोणी, केव्हा, कुठे हे लिहिलं नसेल तर बातमी होत नाही, हे मी तीस वर्षं नव्या वार्ताहरांना सांगितलं. इथे त्याच अवस्थेत घर पाडता येत होतं. साडेपाचला साहेबांनी पेन उचललं आणि समासात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वाचता येईल असं. काकांनी ते मोठ्याने वाचलं.

"आता वारस मिळाला."

स्टिरिओस्कोपची पेटी माझ्या पिशवीत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्यायला गेलो तर खाली कोणी नव्हतं. मी हाक मारली. वरून आवाज आला, "या. काच घेऊन या."

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो. धूळ कुठेच नव्हती. खोलीच्या मध्ये, भलत्याच जागी, एक लहान टेबल होतं. समोर गच्चीवर उघडणारं दार होतं. त्याचा हिरवा रंग पोपडे सुटून उडाला होता. चौकटीला एक खिळा होता, त्यावर काथ्याची दोरी. बाकी खोली रिकामी.

काकांनी टेबलाच्या खणातून दोन कृष्णधवल फोटो काढले. मी सवयीने आधी उलटे केले. पेन्सिलीने तारीख, वेळ सकाळी साडेआठ, उंची पाच फूट, लेन्स, "काढणार: जगदाळे". विषय: "मागच्या खोलीचं दार." दुसऱ्यावर तेच, आणि खाली एक शब्द: "हलली."

त्यांनी फोटो काचेखाली लावले. मी डोळे टेकवले. दार उभं राहिलं, हिरवं नव्हे, राखाडी, पण हेच. तोच खिळा, तीच दोरी. दारात काकू होत्या, पदर कमरेला खोचलेला, हातात वाळवणाचं सूप. चौकट ठाम होती, सूप ठाम होतं. फक्त काकूंचे ओठ थरथरत होते.

"पहिला काढला आणि कॅमेरा अडीच इंच सरकवला," काका म्हणाले. "आमच्या मंडळींना तेवढा धीर नव्हता."

"काय म्हणतायत?"

"'झालं का एकदा?'"

मी डोकं वर केलं. टेबल भलत्या जागी नव्हतं. कॅमेरा जिथे होता, बरोबर तिथे होतं. समोर तेच दार उघडं होतं. दारात गच्चीवरचं ऊन होतं आणि कोणी नव्हतं.

"सरका आता," काका म्हणाले. आवाज पुन्हा चढला होता. "साडेआठ वाजले. माझी वेळ आहे."